बिनहंगामी लग्न

क्लीटस मोडेस्ट टॅक्सी चालवतो. त्याच्या लेखी वर्षाचे दोनच भाग, बोटींचा आणि बिनबोटींचा. डिसेंबर ते एप्रिल उत्तरेकडची माणसं थंडीला वैतागून वाटेल त्या भावाने सहलीच्या बोटींची तिकिटं काढतात आणि आमच्या बेटावरच्या सेंट जॉर्जेसच्या धक्क्याला रोज एखादी पांढरी इमारत येऊन टेकते. मग वादळांचे महिने लागतात. तिकीट निम्म्यावर येतं, तरी बोटी फिरकत नाहीत. समुद्र रिकाम्या ताटासारखा समोर पडून राहतो आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत बसतं.

म्हणून आमच्याकडे सगळं सप्टेंबरात उरकतात. बारशी, दाढा काढणं, भावाभावांची भांडणं. हंगामात एखादा गेला तर शवपेटी उचलायला खांदे मिळत नाहीत. मी इथला पाद्री आहे, कित्येकदा माझाच खांदा दिलाय.

क्लीटस आणि वर्लिनचं लग्न असंच दर सप्टेंबरात ठरून अकरा वर्षं लांबलं होतं. एकदा वादळाने चर्चचं छप्पर नेलं. एकदा हंगामच बुडाला, केकपुरतेही पैसे नव्हते. एकदा नवरदेव ऐनवेळी एका जर्मन जोडप्याला धबधबा दाखवायला गेला. यंदा वर्लिनने टोरांटोचं तिकीटच काढून आणलं, बहिणीकडे जायचं.

"शनिवारी लग्न झालं तर हे फाडते," ती त्याला म्हणाली. "नाही झालं तर सोमवारी विमानात बसते. परत यायची नाही. फादरांच्या समोर सांगतेय."

शनिवारी चर्च भरलं. सगळे टॅक्सीवाले, मसालेवाल्या, धक्क्यावर लोखंडी पिंपांचे ढोल वाजवणारं पथक. मी पुस्तक उघडलं आणि खाली बंदरात भोंगा झाला. उत्तरेत वादळ उठलं होतं, त्याने एक बोट आमच्याकडे पिटाळली होती. टेकडीवरच्या चर्चच्या खिडकीतून ती अख्खी दिसत होती. सर्वांत आधी टँटी म्युरिएल उठली. ती नवरीची आई, मसाले विकते; सगळं गाव तिला टँटी, म्हणजे मावशी, म्हणतं.

"मा, बस खाली," वर्लिन म्हणाली.

"बसतेच आहे गं. जरा पाय मोकळे करते."

"पाय मोकळे करायला जायफळाची टोपली लागते?"

"ही? ही बाकाखालीच होती."

"माझ्या लग्नाला टोपली आणलीस तू?"

"सवय गं बाई! गेले नि आले."

मग सगळेच पाय मोकळे करायला निघाले. शेवटी पाठराखा क्लीटसच्या कानाशी वाकला, "भावा, तुझी गाडी रिकामीच उभी आहे ना?" त्याला मी हाकललं. चर्चमध्ये आम्ही तिघे उरलो. कायद्याने दोन सज्ञान साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्याची साक्ष चालत नाही.

वर्लिनने बूट काढून बाकावर ठेवले. "दोन माणसं आण. धबधब्याकडे वळलास तर येताना माझी बॅगच गाडीत टाकायची. फादर, तुम्ही जा याच्याबरोबर. माझा याच्यावर भरवसा नाही."

धक्क्यावर ओळखीचं एकही माणूस मोकळं नव्हतं. टँटी म्युरिएल तर आमच्याकडे बघेचना. मान न वळवताच ओरडली, "गिऱ्हाईक आहे रे, पाच मिनिटं थांबा!" एका बाकावर बोटीवरचं म्हातारं जोडपं बोटीवरून बांधून आणलेला पाव खात बसलं होतं. क्लीटस त्यांच्यापुढे उभा राहिला.

"साहेब, माझं लग्न आहे. साक्षीला चला, दोन सह्या फक्त."

"किती घेणार?" म्हातारा म्हणाला.

"काही नाही. फुकट."

म्हातारीने पर्स छातीशी धरली. "ऑर्विल, उठू नकोस. मागच्या बंदरात फुकट सरबत दिलं आणि घड्याळांच्या दुकानात कोंडलं होतं."

मी पुढे होऊन गळ्यातली पाद्र्याची पांढरी पट्टी दाखवली.

"सोंगही बरं घेतात," ती म्हणाली.

मला त्यांचा राग आला नाही. निम्म्या किमतीत आलेला माणूस उरलेली निम्मी कुठे दडलीय ते शोधत फिरतो. क्लीटसने मात्र घाम पुसला, कोट झटकला, आणि त्याचा आवाजच बदलला.

"अस्सल बेटावरचं लग्न! आत, अगदी पुढे उभं राहून. माणशी पाच डॉलर."

म्हातारा ताडकन उठला. "दोघांचे मिळून तीन."

"काका, बायको काय म्हणेल मला? चार द्या."

"तीन. जेवणासकट."

"बसा गाडीत."

चर्चमध्ये वर्लिन बूट घालून तयार होती. म्हातारी तिला बघून रडायलाच लागली. क्लीटसने हो म्हटलं. मी वर्लिनला विचारलं, तशी तिने हात वर केला.

"थांबा फादर. आजोबा, यानं तुमच्याकडून काही घेतलं का?"

"तीन डॉलर," ऑर्विल अभिमानाने म्हणाला. "पाच सांगत होता."

वर्लिन क्लीटसकडे बघत राहिली. मला टोरांटो दिसू लागलं. ती चांगली भडकली होती, आणि क्लीटस बुटांकडे बघत होता.

"माझं लग्न," ती म्हणाली, "आणि तू दोन मिनिटांत तीनवर आलास?"

"ते उठून जात होते गं."

"जाऊ द्यायचे चार पावलं! येतात परत. इतकी वर्षं धक्क्यावर काय शिकलास?" मग माझ्याकडे वळून, त्याच सुरात, "हो, फादर. हो. याला एकटं सोडलं तर हा गाडीसुद्धा फुकट देऊन येईल."