गांधीबागेतलं हिल स्टेशन

चुकीचा आकडा दिसला की आमच्या बाई खदखदून हसत. "बरोबर आकडा गप बसते वं, चुकीचा गप्पा हाणते," असं त्यांचं म्हणणं. मी मोर्चेवाली. मला आकडे फक्त पत्रकात ठळक छापायला लागत.

बाई पर्यावरणशास्त्रज्ञ. अर्धी नोकरी नाल्यांच्या पाण्याच्या बाटल्या तपासण्यात गेली. मग पन्नाशीला टेकल्यावर मिहानमधल्या आयटीवाल्या पोरांसोबत पहिल्या बाकावर बसून प्रोग्रामिंग शिकल्या. का, तर "पाणी बाटलीत भरता येते. ऊन कायच्यात भरू?" तेव्हापासून मनीषनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमधला संगणक नागपूरच्या गल्लीगल्लीतल्या उन्हाचा अंदाज बांधू लागला.

मी त्यांना गाठलं ते गांधीबागेच्या कापडबाजारातल्या हमालांसाठी. मे महिन्यात भर दुपारी कापडाचे गठ्ठे पाठीवर! आमची मागणी एकच: बारा ते चार माल उतरवणं बंद. व्यापाऱ्यांची कमिटी म्हणे, मोबाइल बघा, सगळ्या शहरात तेवढंच तापलंय. वा रे न्याय! एसीत बसून ऊन मोजायचं! बाईंनी पुरावा द्यायचं ठरवलं आणि बाजारातल्या गल्ल्यांमध्ये तापमानाची छोटी यंत्रं टांगली.

कमिटीसोबतच्या बैठकीच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन. हसून हसून बोलताच येईना. "पोरी, गांधीबागेत हिल स्टेशन निघालं वं!"

एका यंत्राचा आकडा रोज दुपारी धाडकन खाली. आम्ही धावत गेलो. बघतो तर यंत्र ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं, नाकातोंडावरून, जसं आपण स्कूटीवर निघतो तसं. शेजारी हमाल शेषराव पाण्याची बाटली घेऊन उभा. "बिचारं उन्हात लटकून राहिलं होतं, मॅडम. मले पाहवे ना. तीनदा भिजवतो रोज."

बाई तिथेच फुटपाथवर बसून हसल्या. मला मात्र उद्याची बैठक दिसली. म्हटलं, "त्या यंत्राचे आकडे उडवून टाका. कोणाला कळतंय?"

हसू थांबलं. असं मी प्रथमच पाहिलं. "लपवायचं काहून? आकडा काहून चुकला, ते सांगायचं."

बैठकीत त्यांनी त्या यंत्राचाही आलेख भिंतीवर लावलाच. एक शेठ टुणकन उठले. "म्हणजे तुमचं यंत्रच बिघडलेलं!" मी टेबलावर चढायच्या बेतात होते. बाईंनी माझी ओढणी धरून खाली बसवलं.

"यंत्र चांगलं आहे, शेठजी. शेषरावले त्याची कीव आली, म्हणून ते गार झालं. बाकी यंत्रांची कीव कोणाले आली नाही, त्यांचे आकडे हे असे, तुमच्या मोबाइलपेक्षा चढे. आता शेषरावची कीव कोणाले येते, तेवढं सांगा."

आधी मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं, मग अख्खी खोली. शेठही. हसता हसता मागणी मंजूर झाली. माझी तीन वर्षांची पत्रकं जे करू शकली नव्हती, ते एका ओल्या दुपट्ट्याने केलं. राग आला मला, खरंच!

पुढच्या महिन्यात बाई दुसऱ्या शहरातलं ऊन मोजायला निघाल्या. जायच्या दिवशी यंत्रं काढायला आम्ही गांधीबागेत गेलो. दुपारचा एक. गल्लीत सावलीला गठ्ठ्यांवर हमाल ओळीने आडवे, शेषराव सगळ्यांत मोठ्याने घोरतोय. मी आनंदाने घोषणाच देणार होते. बाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू वं," त्या कुजबुजल्या, "निष्कर्ष झोपून राहिला."