मुसळीचे सर्व हक्क राखीव

देवरीच्या आठवडी बाजारात ती पोतं अंथरून जंगलातल्या मुळ्या विकायची. कुठली मुळी कुठे सापडते, हेही ती कुणालाही मोठ्याने सांगून टाकायची. तिचं नाव मला कधी कळलं नाही.

मी तेव्हा तिथे शिक्षक होतो. शहरातल्या एका प्राध्यापकांचं वनौषधींवरचं पुस्तक मी हौसेने घेतलं, तर आत तिचाच फोटो! खाली छापलं होतं, ‘एक आदिवासी स्त्री’. मी ते तिला दाखवायला नेलं. मागच्या पानावरचा प्राध्यापकांचा फोटो तिने लगेच ओळखला.

“हा तं चार दिवस माह्या घरी जेवला, सारं इचारून गेला,” ती म्हणाली. “अन् हे बारीक काय लिवलं गुर्जी?”

“सर्व हक्क लेखकाचे. त्यांच्या परवानगीशिवाय यातलं काही छापायचं नाही.”

ती पचकन थुंकली. “माह्या आजीनं शिकवलेलं, अन् हक्क याचे?”

मग तिने पानं उलटली आणि एका चित्रावर बोट आपटलं. “हे काय व्हय?”

“सफेद मुसळी,” मी वाचलं.

“काळी व्हय ते! चार दिवस सांगून राहिली होती, तरी डोस्क्यात नाही गेलं. राहू द्या गुर्जी, या चुकीचे हक्क त्याच्यापाशीच राहू द्या.”

घरी येऊन मी ‘सफेद’ खोडून ‘काळी’ लिहिलं. परवानगी कुणाचीच मागितली नाही.