कवळीची परीक्षा

धाकटी रसायनशास्त्रात कॉलेजात पहिली आली, तेव्हा वडिलांनी गल्लीभर दवंडी पिटली. ते त्याच विषयाचे प्राध्यापक. पोरगी आता एम.एस्सी. करणार, मग संशोधन, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. आणि पोरगी म्हणते काय, तर मला कवळ्या बनवायला शिकायचंय!

"लोक विचारतील, मुलगी काय करते? काय सांगू? दात पाडते?"

"पाडतात ते डॉक्टर, बाबा. मी बसवायला शिकतेय."

सुट्टीत ती कवळ्यांच्या लॅबमध्ये सहज बघायला म्हणून गेली आणि तिथेच रमली. मेणात एकेक दात रोवायचा, साच्यात गुलाबी हिरडी पक्की करायची, मग घासून घासून चमकवायची. तिथल्या बाई तिला दोन वर्षं हाताखाली घ्यायला तयार होत्या, पण लगेच. विद्यापीठही थांबणार नव्हतं.

खरं दुखणं घरातच होतं. वर्षापूर्वी वडिलांच्या तोंडात कवळी आली आणि त्यांची रयाच गेली. शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत आवाज पोचवणारा माणूस तोंडावर हात धरून पुटपुटू लागला, कारण कवळी टकटक वाजायची आणि वर्गातली पोरं बाकं वाजवून तिला साथ द्यायची. धाकटीला ते बघवत नसे.

शेवटी वडिलांनीच पैज लावली. "मला कवळी करून दे. तासभर बोलेन. एकदा जरी वाजली, तर मुकाट्यानं विद्यापीठ!"

माप दंतवैद्यांनी घेतलं, बाईंनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, पण दात रोवले धाकटीनेच. मेणाचा नमुना तोंडात बसवून तिने वडिलांकडून 'शिसं', 'फॉस्फरस' असले शब्द वदवून घेतले. जरा अडखळले की दात काढ, पुन्हा लाव. समोरचा एक तर तिने मुद्दाम किंचित तिरका बसवला. त्यांचा मूळचा तसाच होता.

परीक्षेला वडिलांनी विषयही हट्टाने निवडला, 'उच्च शिक्षणाचे महत्त्व'. आई मटार सोलत बसली, धाकटी कान टवकारून. सुरुवातीला ते जपून बोलले. मग रंगले. हात पाठीमागे गेले, आवाज चढला, 'संशोधनाशिवाय' हा शब्द असा घुमला की शेजारीण खिडकीत आली. तास उलटून गेला तरी थांबायचं नाव नाही, आणि एकही टकटक नाही! मुलीच्या कामाला नावं ठेवत होते, तेही तिनेच केलेल्या दातांनी. आईला हसू आवरेना.

"अहो, किती दिवसांनी असं बोलताय! आणि तो तुमचा जुना तिरका दात..."

वडील थबकले. जिभेने दात चाचपला. "हरलो बुवा," म्हणाले, आणि खदखदून हसले. तोंडावर हात नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीला वर्गात नेऊन शेवटच्या बाकावर बसवलं आणि तिथवर स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, "हे दात खोटे आहेत. माझ्या मुलीनं केलेत. ती पुढे हेच शिकणार आहे. कुणाला बाक वाजवायचं असेल, तर आज खुशाल वाजवा."

सगळा वर्ग बाकं बडवू लागला. धाकटीनेही आपलं बडवलं.