डावा दबलाय

उभ्या पुणे शहरात गाणं कसं ऐकावं हे कळणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे आमचे व्याही. हे मत त्यांचंच आहे, पण मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता माझंही झालंय. मी स्वतः चौथीत शाळा सोडली आणि पुढं जन्मभर कोथरूडला पिठाची गिरणी चालवली. गाण्यातलं मला काही कळत नाही. गिरणी चालू असताना गिऱ्हाईक समोर उभं राहून बोंबललं तरी ऐकू येत नाही, तिथं गाणं कुठलं? तरी माझे कान शाबूत राहिले, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. व्याही पाटबंधारे खात्यात साहेब होते. नारायण पेठेतले. बोलणं मोजकं, पण जे बोलतील त्याला धार. माझी धाकटी त्यांच्या मुलाला दिली, म्हणजे खरं तर त्या दोघांनीच ठरवलं आणि आम्हा दोन बापांना कळवलं. व्याही म्हणतात, "आपल्यात तसलं मुलाकडचे-मुलीकडचे काही नाही हं." पण ते मुलाकडच्यांनी म्हणणं सोपं असतं. मी पडलो मुलीचा बाप. मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे मला चौथीच्या पुढं न जाताही ठाऊक होतं.

झालं असं, की त्यांची इमारत पाडून नवी बांधायला घेतली. बिल्डरनं तोवर भाड्याच्या दोन खोल्या दिल्या, त्या आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या सौभाग्यवती आमच्या दोघांच्या नातवाला सांभाळायला बंगळूरला गेल्या, त्या तिथंच राहिल्या. व्याह्यांनी त्या खोल्यांत पहिल्याच दिवशी आपला स्टिरिओ लावला आणि खालच्या बिऱ्हाडकरूनं छताला काठी ठोकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या उंबऱ्यात उभे. "व्याहीबुवा, तुमचा हॉल किती बाय किती?" मी आपलं सरळ मनानं सांगितलं, दहा बाय सोळा. "चालेल," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले. काय चालेल, ते दुपारी टेम्पो आला तेव्हा कळलं.

टेम्पोतून माणसाच्या छातीएवढी दोन लाकडी कपाटं उतरली. मी आमच्या हिला म्हटलं, कपड्यांची असतील. ते स्पीकर होते. पाठोपाठ अँप्लिफायर नावाचा एक पेटारा आला, तो उचलताना हमालानं देवाचं नाव घेतलं. मग रेकॉर्ड प्लेयर, रेकॉर्डची खोकी आणि वायरी. वायरी इतक्या, की मला वाटलं आता इथून सगळ्या सोसायटीला वीज द्यायची असेल. व्याह्यांनी पिशवीतून सुतळी, ओळंबा आणि पाणसळ काढली, घर बांधायला काढावी तशी. एका स्पीकरपासून खुर्चीपर्यंत सुतळी, दुसऱ्यापासून खुर्चीपर्यंत सुतळी, दोन्ही सारख्या भरायला पाहिजेत. सुतळीचं एक टोक माझ्या हातात. "डावीकडे घ्या," म्हणाले. मी घेतलं. "अहो, स्पीकरच्या डावीकडे नव्हे, ऐकणाऱ्याच्या." मी म्हटलं, ऐकणारा कोण? "मी." आता ते माझ्याकडं तोंड करून उभे, म्हणजे त्यांचं डावं ते माझं उजवं, आणि स्पीकरचं तोंड खुर्चीकडं, खुर्चीत कोणीच नाही. संध्याकाळपर्यंत मला माझा स्वतःचा डावा हात कोणता याचीही खात्री राहिली नाही. व्याही शांतपणे म्हणाले, "कालव्याच्या मोजणीवर माझ्या हाताखाली पुष्कळ अडाणी माणसं होती. पण त्यांना डावा कालवा कुठला हे माहीत असायचं."

स्पीकर फरशीवर ठेवायचे नाहीत, खाली काहीतरी न हलणारं हवं, असा पुढचा हुकूम. त्यांची नजर अंगणात पडलेल्या गिरणीच्या जुन्या दगडांवर गेली. गिरणी विकली तेव्हा ते दगड मी कोणाला दिले नव्हते. का, ते मला सांगता येणार नाही. ते दगड हॉलमध्ये आले आणि त्यांच्यावर स्पीकर बसले. ही दसऱ्याला दगडांना हळदकुंकू वाहायची, ती आता स्पीकरलाही वाहू लागली. व्याह्यांनी "जाळीवर नको" एवढीच अट घातली. मग म्हणाले, कोपऱ्यात आवाज घुमतोय, तिथं जड आणि मऊ असं काहीतरी पाहिजे. म्हणून दोन कोपऱ्यांत गव्हाची दोन पोती उभी राहिली. समोरच्या भिंतीवर गोधडी चढली. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, रेशनचं दुकान काढलंत का?" मी काय सांगणार? मला तरी कुठं कळलं होतं?

सेट सुरू करायचा म्हणजे धरणाचं दार उघडायचं, अशी त्यांची शिस्त. आधी खटका, मग अँप्लिफायर, मग तो तापेपर्यंत गप्प बसायचं, मग रेकॉर्ड पुसायची. आवाज एकदम वाढवलेला त्यांना खपत नाही. "खडकवासल्यातून पाणी कसं सोडतात? टप्प्याटप्प्यानं विसर्ग वाढवतात. आणि खालच्या गावांना आधी कल्पना देतात." खालचं गाव म्हणजे आमचं स्वयंपाकघर. बटणाला हात घालण्यापूर्वी ते तिकडं तोंड करून ओरडायचे, "विहीणबाई, सोडतोय!" आतून ही म्हणायची, "सोडा!" पण ते सोडण्याआधी घरातला दुसरा प्रत्येक आवाज बंद व्हायला पाहिजे. पंखा बंद, ऐन एप्रिलात. फ्रिज गुणगुणतो म्हणून फ्रिज बंद. दूध दोनदा नासलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून त्याचा सेल काढलेला, आणि तो परत घालायला ते विसरायचे, त्यामुळं आमच्या घरी कायम सहा-साडेसहा वाजलेले. एकदा कुकरची शिट्टी झाली. व्याही खुर्चीतून नुसते वळून बघत राहिले. ही म्हणाली, "शिट्टी काय मी वाजवते का? डाळीला सांगा." त्या दिवसापासून डाळ पातेल्यात शिजायला लागली.

एवढं करून गाणं ऐकावं, तर तेही नाही. थोडं वाजलं की उठायचं, स्पीकर केसभर आत वळवायचा, परत बसायचं, परत पहिल्यापासून. मला म्हणायचे, "गाणं ऐकू नका हो, जागा ऐका. डोळे मिटा. बाई कुठं उभी आहे?" मी डोळे उघडून स्वयंपाकघराकडं बघितलं. "ती नव्हे. गाणारी." त्यांनी समजावलं, की दोन कान, दोन स्पीकर, माप बरोबर असलं की दोन्ही आवाज मधोमध मिळतात आणि बाई तिथं समोर उभी राहून गाते. तबला आपल्या उजवीकडं जरा मागं, तंबोरा डावीकडं. मला आपल्या दोन कपाटांतून दोन बायका ऐकू यायच्या. पण चौथी शिकलेला असलो तरी मी कमीपणा घेणारा माणूस नाही. म्हटलं, "आहे. उभी आहे." पुढं पावसाळ्यात कधीतरी, मी शेंगा निवडत मागं बसलो होतो, आणि एकदम, देवाशपथ, ती बाई मधोमध उभी. दोन्ही कपाटं गप्प, आणि मध्ये जिथं नुसती गोधडी, तिथून गाणं. मी दचकून उठलो, शेंगा सांडल्या. व्याह्यांना सांगणार होतो, पण कसं सांगणार? आधीच "आहे" म्हणून बसलो होतो.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर एक दिवस व्याही म्हणाले, "डावा दबलाय."

तिथून आमच्या घराची झोप गेली. वायरी बदलल्या. बुधवार पेठेतून मेकॅनिक आणला. तो म्हणाला, काका, दोन्ही स्पीकर सारखे आहेत. व्याही म्हणाले, "सारखे असायलाच बनवले होते. आता आहेत का, ते विचारतोय." मग डावा उजवीकडं नेला आणि उजवा डावीकडं. तर जो डावीकडं आला तो दबला! मग ते माझ्या दगडावर घसरले. "हा दगड आवाज खातोय." तिथं मात्र मी मुलीचा बाप असल्याचं विसरलो. म्हटलं, "साहेब, त्या दगडानं अर्ध्या कोथरूडला जेवायला घातलंय. तो आवाज खात नाही." तरी दगडांची अदलाबदल झाली, पोत्यांची झाली, गोधडी उलटी टांगली. व्याही डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "बाई सरकली. उजवीकडे, पार खिडकीत जाऊन उभी राहिली." मला तर ती मधोमध दिसत होती. पण मी कोण? माझंच काहीतरी चुकत असणार, म्हणून मी खिडकीकडं बघून मान हलवायचो.

हळूहळू त्यांनी भांडणंच सोडलं. यायचे, एक बाजू लावायचे, ती संपायच्या आत बंद करायचे. फ्रिज बंद करायलाही सांगेनात. एक दिवस म्हणाले, "सेट म्हातारा झाला, व्याहीबुवा. काढून टाकतो. रविवारी एक जण बघायला येतोय." मला खरं तर पेढे वाटावेसे वाटायला पाहिजे होते. पंखा मिळणार, घड्याळ चालणार, पोती जाणार. पण रात्रीचं जेवण गेलं नाही. आपल्याला नेमकं काय होतंय तेच मला उमगेना.

ही ताट उचलताना म्हणाली, "अहो, सेटला काही झालेलं नाही. व्याह्यांचा डावा कान गेलाय."

"कशावरून?"

"डाव्या बाजूनं चहा घ्या म्हटलं तर बघतसुद्धा नाहीत. उजव्या बाजूनं म्हटलं की लगेच, साखर कमी ना?"

मी चिडलो. ज्या माणसाला घड्याळाची टिकटिक सोसत नाही त्याचा कान जाईल? पण दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या डावीकडं बसलो आणि साध्या आवाजात म्हटलं, "व्याही, तुम्ही फार हट्टी माणूस आहात." ते समोर बघत राहिले. असं बोलून मुलीचा बाप जिवंत राहतो, म्हणजे कान गेलाच असणार.

आता हे सांगायचं कोणी? सेट काढून टाकला असता आणि नवीन घेऊन बसले असते, तर तोही दबलेलाच निघाला असता. आणि नुसतं तोंडावर सांगावं, तर ज्या माणसाची सगळी ऐट कानात, त्याला त्याच्या सुनेच्या बापानं बहिरा म्हणायचं. मी विचार करून करून शेवटी म्हटलं, "साहेब, गिरणीनं माझा डावा कान खाल्ला वाटतं. कानाच्या डॉक्टरकडं सोबत येता का?" जन्मभर ज्या कानांची फुशारकी मारली त्यांना बट्टा लावताना जीभ जड झाली होती. व्याही लगेच उठले. "मला वाटलंच होतं. बाई तुम्हाला कधी दिसलीच नसणार."

दवाखान्यात एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मी ठरवलं होतं की डाव्या कानाला दाबायचंच नाही. पण ऐकू येतंय आणि हात गप्प ठेवायचा, हे माझ्याच्यानं होईना. मी प्रत्येक वेळी दाबलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, या वयात असे कान मी पाहिले नाहीत." माझी छाती फुगली, आणि त्याच वेळी वाटलं, आता पुढं काय? पण व्याह्यांचा त्या यंत्रावर विश्वासच बसला नाही. "गिरणीवाल्याचे कान आणि असे? तुमचं यंत्र तपासून बघू," म्हणून ते स्वतःच आत जाऊन बसले. काचेतून मला दिसत होतं. उजव्याला पटापट बोट चाललं. मग डाव्याची पाळी आली. बोट बटणावर, आणि ते वाट बघतायत. बाईंनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेवटी व्याह्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "अहो, तुमचाही डावा दबलाय."

बाईंनी हेडफोन काढला, उलटा करून परत त्यांच्या डोक्यावर घातला. आता डावा तो उजवा. व्याही परत आत बसले. परत उजव्या कानाला बोट चाललं, डाव्याला थांबलं. या वेळी ते दार उघडून बाहेर आले नाहीत.

परतताना रिक्षात मी चुकून त्यांच्या डावीकडं बसलो होतो. रिक्षा थांबवून खाली उतरलो आणि वळसा घालून उजवीकडून आत शिरलो. त्यांनी सरकून जागा दिली. रिक्षा पौड रस्त्याला लागली. मग म्हणाले, "म्हणजे सेट ठणठणीत आहे."

"एकदम," मी म्हटलं.

"रविवारच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवतो." आणि एवढं बोलून ते हसले. त्या हसण्याचं काय करावं ते मला कळलं नाही, म्हणून मी रिक्षावाल्याला उगाच सिग्नलवरून बोललो.

कानातलं यंत्र त्यांनी घेऊन बघितलं. गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं म्हणाले आणि पेटीत ठेवून दिलं. यंदा त्यांच्या इमारतीचा ताबा मिळाला, सौभाग्यवती परतल्या, बिऱ्हाड नारायण पेठेत गेलं. मी टेम्पो ठरवायला निघालो तर सेट न्यायला नको म्हणाले. "ऐकणारा तिकडे एक कान, इकडे दोन. बहुमत तुमचं." आता गुरुवारी बसनं येतात. खुर्ची जरा तिरकी करून, उजवा कान पुढं करून बसतात, आणि मला त्यांच्या डावीकडं बसवून विचारतात, "तिकडे काय चाललंय?" मी सांगतो, तंबोरा आहे, जरासा मागं आहे. ते मान डोलावतात.

एरवी संध्याकाळी मी एकटाच लावतो. सगळं त्यांच्या शिस्तीनं, पंखासुद्धा बंद. बाई गायला लागते, तबला त्याच्या जागी, सगळं जिथल्या तिथं. मग मधेच कधीतरी मी डाव्या कानात बोट घालतो. तंबोरा जातो, खोलीची एक बाजूच जाते, आणि आपण कुठं बसलोय तेच कळेनासं होतं. ही आतून विचारते, "कान दुखतोय का?" मी नाही म्हणतो, आणि रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बोट तसंच ठेवतो.