अण्णाचा गाळपेराचा तुकडा

आमचा मलप्पा अण्णा पावसाळ्याच्या आखरीला गेला. ग्रुपवर सगळ्यांनी देवमाणूस लिहिलं. देवमाणूस न्हवता, हट्टी होता. मी त्याची धाकटी भैन अंबिका, मुरुडला दिलेली. त्याच्या आजारपणात आले ती अजून हितंच हाय, कंधारकडं, शिवगंगा वैनीजवळ.

गावच्या तळ्याचं पाणी थंडीत मागं सरकतं. उघड्या पडलेल्या गाळात लोकं टरबूज लावतात, त्याला गाळपेर म्हणतात. अण्णाच्या वाट्याचा तुकडा पाण्याला लागून, सगळ्यात चांगला. एका उन्हाळ्यात तिथं त्याला अंडी दिसली, उघड्या गाळावर, खड्यासारखी. काळ्या टोपीचं, पिवळ्या चोचीचं पाखरू. पाखरं बगायला येणारे एक मास्तर म्हणले, हे सुरय, लई कमी राहिलेत, नांगरानं आन गुरांच्या खुरानं अंडी जातात. तवापासून अण्णानं पेरायचं सोडलं.

लोकं विचारायचे, "मलप्पा, औंदा काय लावलं?"

"पाखरं."

"उगवली का?"

"बगू."

पैल्या साली गुरं आत येऊ नयेत म्हणून त्यानं कुंपण केलं, बेशरमीच्या झुडपाच्या काड्यांचं. आमच्याकडं समदेच करतात. फुकटची, आन गुरं तोंड लावत न्हाईत. पण घराभोवती काडी वाळून जाती, ओल्या गाळात ती फुटली. पुढल्या उन्हाळ्यात तुकडाभर बेशरम. पाखरं वरून घिरट्या घालून निघून गेली.

शेजारच्या तुकड्यातला बजरंग म्हणला, "अण्णा, बेशरम तुम्हीच लावली, आता बेशरमावानी उपटा."

अण्णा उपटतच राहिला. जरा मुळी राहिली की परत फुटायची. असे किती उन्हाळे गेले. वैनी भाकर घेऊन जायची आन बांधावरून बोलायची, "लोकाच्या घरी टरबूज, आन आमचे हे बेशरम काढून राहिले."

जागा मोकळी झाली तवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. गेल्या उन्हाळ्यात परत अंडी आली. मला दुरूनच दाखवली, जवळ जाऊ दिलं न्हाई.

औंदा पाणी सरकलं तसा बजरंग घरी आला. "वैनी, पडीक ठेवून काय करता? मी टरबूज लावतो, निम्मे तुमचे."

वैनीनं पायात चपला घातल्या. मला वाटलं, देती आता. तिचंबी अंग थकलंय.

तिघं तळ्यावर गेलो. अण्णा आजारी पडल्यापासून कुणी हात लावला न्हवता. बेशरम ईतभर आलेली.

"बगा," बजरंग म्हणला, "मी न्हाई घेतला तर ही घेती."

खोटं न्हवतं ते.

वैनी बांधावरून पार पाण्यापातूर चालत गेली. मंग म्हणली, "वरलं घे. पाण्याजवळचं न्हाई."

"वरल्याला वल कुठं हाय वैनी? ढेकळात लावू का टरबूज?"

"मंग ऱ्हाऊ दे."

"आन हे उपटणार कोण?"

वैनीनं पदर खोचला आन खाली बसली. मंग मीबी बसले.

आता रोज ऊन चढायच्या आत आम्ही दोघी जातो. तिचे गुडघे, माझी कंबर. उपटलेली तिथं टाकत न्हाई, वर रस्त्यावर नेऊन वाळवतो. काल बजरंग त्याच्या टरबुजातून म्हणला, "वैनी, मुळी राहिली बगा तिथं."

"दिसती मला," वैनी म्हणली, आन परत वाकली.

पाखरं अजून आली न्हाईत.