हात न लागलेलं इंजिन

लिलाववाल्यांनी माझ्याकडच्या बाबू मिस्त्रींवर अन्याय केला. मी विकायला काढलेलं, लांब पल्ल्याच्या शर्यतीतलं जुनं टर्बो इंजिन त्यांनी पत्रकात ‘कुणाचाही हात न लागलेलं’ म्हणून छापलं. माझ्या गोदामात ते वर्षानुवर्षं पडून होतं. जाम होऊ नये म्हणून मिस्त्री दर शनिवारी त्यात चमचाभर तेल सोडून ते हाताने फिरवत, आजारी माणसाची कूस बदलावी तसं.

पत्रक वाचून मी लिलावाच्या दारातच भडकलो.

“ओरडू नका शेठ, फिरतंय ना अजून?” म्हणत मिस्त्री त्यावरची धूळ रुमालाने पुसू लागले.

आयुष्यभर घासाघीस केली, पण अशा हातांचा भाव मला कधी करता आला नाही. पत्रकात त्यांचं नाव का नाही? लिलाववाल्यांनी याचं उत्तर मिस्त्रींच्या डोळ्यांत बघून द्यावं.