सुई उडायची ती जागा

लातूरच्या माझ्या जुन्या भागीदाराला लकवा झाल्याचा फोन आला, तेव्हा मी नांदेडला माझ्या यार्डात एका गिऱ्हाइकाशी जुन्या ट्रॅक्टरचा सौदा करत होतो. फोन खिशात ठेवला आणि सौदा पूर्ण केला. गिऱ्हाईक दोनदा उठून गेलं, दोनदा परत आलं. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे तेव्हाही कळलं नाही. घाटातून उतरताना कानाला दडे बसतात, तसं आत काहीतरी बसलं होतं.

पूर्वी आम्ही दोघं बैलांचे दलाल. बारा वर्षं एकत्र बाजार केले. हाळीचा, लोह्याचा, जिथं देवणी आणि लालकंधारी जनावरं येतात ते सगळे. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. घरची जमीन नव्हती, कुणाचा हात धरून धंद्यात आलो नव्हतो. बोटांवर जगायचो. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायची आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. वर पावसापाण्याच्या गप्पा चालतात. खाली काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि ते तिसऱ्याला सांगायचं नाही.

ती रेकॉर्ड आम्हाला पूर्णेत मिळाली. तिथल्या रेल्वे कॉलनीतला एक म्हातारा गार्ड घर आवरून मुलीकडे सिकंदराबादला निघाला होता. आम्ही त्याची गाय बघायला गेलो होतो. आत रेकॉर्ड प्लेअर वाजत होता. दादा गाईचे दात बघायचे सोडून दारातच उभा राहिला. मी खुणा करून थकलो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, गाय घेतो. पण हे गाणं अन् त्याची मशीन, दोन्ही गाईसंगं पाहिजे." म्हातारा हसला. बाकीच्या रेकॉर्डी त्यानं आधीच वाटून टाकल्या होत्या, ही एकच उरली होती. अमेरिकेतल्या एका काळ्या गायकाची, सत्तरच्या दशकातली. या गाण्यांना तिकडे सोल म्हणतात आणि गाणारे पहिल्यांदा चर्चमध्ये गायला शिकतात, एवढं म्हाताऱ्यानं सांगितलं. कव्हरवर तपकिरी सूट घातलेला माणूस जिन्याच्या पायरीवर बसलेला. एका बुटाची नाडी सुटलेली.

उदगीरला आमची भाड्याची खोली होती. बाजार नसेल त्या दुपारी दादा रेकॉर्ड लावायचा. मला पहिले काही महिने त्यात काही दिसलं नाही. इंग्रजी आम्हा दोघांना येत नव्हतं. पण ऐकून ऐकून एकेक गोष्ट सुटी होत गेली. सगळ्यांत खाली जाड तारांच्या गिटारीचा घुमारा, भरल्या गाडीचा बैल पाऊल टाकतो तसा. ढोलवाला ठोका द्यायला किंचित उशीर करायचा, चुकून नाही, मुद्दाम. मागे तीन बायका. गायकानं ओळ टाकली की त्या झेलायच्या, उरुसातल्या कव्वालीत साथीदार झेलतात तशी. आणि गायकाचा आवाज. त्यात जोर होता, पण तो जोर लावत नव्हता. भरलेली घागर डोक्यावर असलेली बाई सावकाश चालते, तसा गायचा.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं दादाचं. त्यात सगळी वाद्यं गप्प होतात, फक्त ऑर्गन उरतो आणि गायक एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणतो. दर वेळी थोडी वर. काहीतरी मागत असतो. शब्द कळत नव्हते, पण मागणाऱ्याचा आवाज आम्हाला कळायचा, तो तर आमचा धंदा. मग अचानक पितळी वाद्यं दणक्यात सुरू व्हायची.

"बघ," दादा म्हणायचा, "एकच मागायलाय. चार बार मागितलं, पर भाव पाडला न्हाई. अन् शेवटी मिळालं बघ त्याला, बाजा वाजायलाय."

"न्हाई मिळालं तर?"

"तर उठून जाईल. पर उतरायचा न्हाई. तुझ्यासारका न्हाई तो, अर्ध्या चहात ढिला होणारा."

मला ते लागायचं. पण बैलाचा सौदा अडला की मी मनात ती ओळ म्हणायचो आणि उतरत नसे. अर्धा धंदा मी त्या गाण्यावरून शिकलो असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

मग हाळीच्या बाजारात ते घडलं. एका देवणी जोडीच्या सौद्यात खरेदीदारानं दस्तीखाली माझी चार बोटं दाबली. मी जोडी सोडून त्याच्या हातात दिली. दावं हातात आल्यावर तो म्हणाला, तीनच दाबली होती. मी त्याची गचांडी धरली. माणसं गोळा झाली. दादा गर्दीतून आला. त्यानं मला एक शब्द विचारला नाही. सगळ्या बाजारासमोर म्हणाला, "सोड त्याला. याच्या बोटाचा भरवसा धरू नका, याला राग आला की आकडा कळत न्हाई."

दलालाच्या बोटावरचा भरवसा गेला की तो त्या बाजारातून उठला. मी उठलो. त्याच आठवड्यात भागीदारी मोडली. वाटणीत मी एकच गोष्ट अडून मागितली, ती रेकॉर्ड. मला नको होती, पण त्याला हवी होती. तो म्हणाला, "रेकॉर्ड घे, मशीन देत न्हाई." असं अठरा वर्षं रेकॉर्ड माझ्या कपाटावर नांदेडला आणि मशीन त्याच्याकडे लातूरला. मला दुसरी मशीन घेता आली असती. घेतली नाही. मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, तुझं बोट खरं होतं. ते आल्याशिवाय कपाटावरचं काही खाली काढायचं नव्हतं.

गेल्या वर्षी यार्डातल्या मेकॅनिकनं कव्हरचा फोटो काढून ती गाणी मला मोबाईलवर शोधून दिली. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून ऐकली. खरखर नाही, धूळ नाही, सगळं स्वच्छ. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं. ऑर्गन. एक बार, दोन बार, तीन बार, चार बार. आता पितळी वाद्यं येणार म्हणून मी मान हलवली, आणि ती आली नाहीत. गायक थांबला. मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग तीच ओळ तो इतक्या खाली म्हणाला की ती जवळजवळ बोलणंच होती, आणि अर्ध्यावर सोडून दिली. उरलेली अर्धी बायकांनी म्हटली, त्याच्यासाठी. नंतर पितळी वाद्यं.

आमच्या रेकॉर्डवर तिथं ओरखडा होता. सुई उडून थेट पुढं, पितळी वाद्यांवर पडायची. इतकी वर्षं आम्हाला वाटत राहिलं की तो उतरला नाही. तो उतरला होता.

मी ते सहासात वेळा ऐकलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. हातावर झोपून उठल्यावर आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो, तसा बसून राहिलो.

फोन आल्यानंतर आठ दिवसांनी मी रेकॉर्ड पिशवीत घालून लातूरला गेलो. दार वहिनींनी उघडलं.

"या भावजी. अठरा वर्षांनी घर सापडलं का?"

"सापडलं."

"मानूस पडल्यावर बरं सापडतंय. बसा. ऐकू येतंय त्यांना, समजतंय सगळं. बोलता तेवढं येत न्हाई."

बोलता येत नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य आता निघण्याची सोयच उरली नव्हती. दादा खाटेवर, उजवी बाजू गेलेली. उजवा हात पांघरुणावर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. बाजारात याच हाताला माणसं वचकून असायची. तो माझ्याकडे बघत होता, मी मशीनकडे. ती कोपऱ्यात होती, पुसलेली. "दर खंडेनवमीला पूजतेत," वहिनी म्हणाल्या. "कासरा, चाबूक अन् ही. रेकॉर्डच न्हाई तर पूजता कशाला म्हनलं, तर मलाच वरडायचे."

मी रेकॉर्ड काढून लावली. दुसरी बाजू. घुमारा सुरू झाल्यावर दादानं डोळे मिटले. तिसरं गाणं आलं. चार बार मागितलं, सुई उडाली, पितळी वाद्यं वाजली. त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली.

मी सुई उचलली. "दादा, पुढं अजून हाय," म्हटलं आणि मोबाईल त्याच्या उशीशी ठेवला. मायेनं ठेवला असं म्हणणार नाही. समोरचा केव्हा ढिला होतो ते मला कळतं.

त्यानं ऐकलं. श्वास ऐकला, खाली आलेली ओळ ऐकली, बायकांनी पूर्ण केलेली अर्धी ओळ ऐकली. डोळे उघडून मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यानं डावा हात माझ्या खांद्याकडे नेला. यार्डात कुणी दस्ती वापरत नाही, पण त्या दिवशी मी घेतली होती. त्यानं ती ओढली. नीट पडली नाही, मी सारखी केली. खाली त्याची बोटं माझी बोटं शोधत आली. डाव्या हाताची सवय नसलेली, थंड. एक दाबलं. दुसरं. तिसरं. मग थांबला. नंतर चौथं दाबलं, इतरांपेक्षा जोरात, आणि धरून ठेवलं.

"काय म्हनाले?" वहिनींनी विचारलं.

"दस्तीखालचं सांगत नसतेत, वहिनी."

चहा झाला. चहा गोड होता. मी आत काहीतरी हलण्याची वाट बघत होतो, पण तसं काही झालं नाही. दादा झोपला. बाहेर कुणीतरी मोटारसायकल धूत होतं. रेकॉर्ड तिथंच मशीनवर ठेवून मी निघालो.

बस अहमदपूरला थांबली तेव्हा पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली, तर आत कव्हर होतं. वहिनींना फोन लावला.

"कव्हर राहिलं माझ्याकडं."

"मग आना की. का पुन्हा अठरा वर्सं लावता?"

बस सुटली. मी कव्हर मांडीवर घेतलं. पायरीवर बसलेला माणूस, सैल टाय, सुटलेली नाडी. इतक्या वर्षांत मी त्याची नाडीच बघत आलो होतो. या वेळी त्याचे हात बघितले. ते गुडघ्यांवर होते, उताणे, आणि त्यांत काही नव्हतं.